शिव्या हार्दिकला, पण निर्णय कुणाचा?

आयपीएल आली की बदलापूर लोकलमध्ये वाद ठरलेला. एक म्हणतो चूक कॅप्टनची, दुसरा म्हणतो कोचची, तिसरा थेट मॅनेजमेंटवर घसरतो.

आठवा जरा. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने रोहितच्या जागी हार्दिकला कॅप्टन केलं. पाच ट्रॉफ्या जिंकून देणारा माणूस बाजूला! २०२४ ला वानखेडेवर घरच्याच पब्लिकने हार्दिकची हुर्यो उडवली. १४ पैकी ४ मॅच जिंकून टीम तळाला गेली.

माझं मत सांगतो. तिकिटाला पैसे मोजणाऱ्याला टीकेचा हक्क आहेच. पण कॅप्टन बदलायचा निर्णय मॅनेजमेंटचा होता आणि बोलणी खाल्ली हार्दिकने. पुढच्या सीझनला कॅप्टन तोच ठेवला, कोच बाउचर जाऊन जयवर्धने परत आले. पहिल्या ५ पैकी ४ मॅच हरूनही टीम प्लेऑफला पोचली.

आता आपल्या धंद्याकडे या. उल्हासनगरात जीन्सचं युनिट असो की अंबरनाथला नाश्त्याची गाडी, जुना कारागीर जाऊन नवा आला की गिऱ्हाईक त्यालाच बोलतं. तेव्हा मालक गल्ल्यामागे लपला, तर नवा माणूसही टिकत नाही आणि गिऱ्हाईकही.

म्हणून पहिले पंधरा दिवस स्वतः काउंटरला उभे राहा. सांगा, "बदल मी केलाय, तक्रार मला सांगा." तक्रार खरी निघाली तर सुधारा. पण चार दिवसांच्या आरडाओरड्याला घाबरून माणूस बदलू नका.

तुमच्या दुकानात शेवटचा बदल झाला, तेव्हा बोलणी कुणी खाल्ली होती?