बीप बंद करू नका, वाचा

छतावर सोलर बसलं की कॉलेजात शिकणारं पोर घरचं ‘इंजिनिअर’ होतं, मग ते बी.ए.ला का असेना. इन्व्हर्टर बोंबलला की हाक तुम्हालाच. आपण काय करतो? स्विच बंद, स्विच चालू. आवाज थांबला, विषय संपला!

पण स्क्रीनवरचा कोड वाचलात का? लाइट गेल्यावर ‘नो ग्रिड’ आलं तर तो बिघाडच नाही. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरच्या विजेचा झटका बसू नये, म्हणून बिनबॅटरीचा इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. भर दुपारी ‘ओव्हर व्होल्टेज’ आलं आणि आकडा 230 ऐवजी 250 च्या वर दिसला, तर महावितरणकडे 1912 वर तक्रार करा. सेटिंगमधली मर्यादा वाढवून देतो म्हणणारे भेटतील. त्यांना नकोच म्हणा. तेच व्होल्टेज घरातल्या फ्रिजलाही जातं.

‘आयसोलेशन फॉल्ट’ मात्र गंभीर. जोडात पाणी शिरलेलं असतं, नाहीतर उंदरांनी वायर कुरतडलेली असते. उन्हात पॅनेलच्या माळेत शेकडो व्होल्ट डीसी असतात आणि ऊन काही बंद करता येत नाही. तिथं हात घालायचा नाही, म्हणजे नाही. आपल्या कऱ्हाटीत उन्हाळ्यात जमीन ठणठणीत कोरडी पडते, तेव्हा अर्थिंगही तपासून घ्यायला सांगा.

पीएम सूर्यघर योजनेत बसवलेल्या संचाची 5 वर्षं देखभाल करणं पुरवठादाराचं काम आहे. कोडचा फोटो काढा, वेळ लिहा, त्याला पाठवा. फोनवरचं ‘बघतो, बघतो’ पुरावा म्हणून चालत नाही.