चाळिशीनंतरची नायिका उंबरठ्यावरच का थांबते?

परसवाडा, बैहर, बालाघाट या आपल्या पट्ट्यात शाळा हिंदी, कचेरी हिंदी आणि बाजारही हिंदी. मराठी कानावर पडते ती घरात, आणि संध्याकाळी टीव्ही लागला की मालिकांत. त्या वेळी रिमोट बहुतेक घरांत आई, काकू, मावशी किंवा आजीच्या हाती असतो. म्हणून मराठी मालिकेत चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या वाट्याला काय येतं, हा प्रश्न मुंबईतल्या नट्यांच्या कामधंद्यापुरता नाही. मालिका पाहणारी आपल्या घरातली बाई स्वतःकडे कसं बघते, तोही त्याच प्रश्नाचा भाग आहे.

आधी समाधानाची गोष्ट. गेल्या सहा-सात वर्षांत ही बाई मराठी मालिकेच्या मधोमध आली आहे. जुलै २०१९ मध्ये झी मराठीवर ‘अग्गंबाई सासूबाई’ सुरू झाली. निवेदिता सराफ यांची आसावरी ही विधवा सासू तिची नायिका होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्टार प्रवाहवर ‘आई कुठे काय करते!’ आली आणि मधुराणी गोखले-प्रभुलकर यांची अरुंधती नोव्हेंबर २०२४ पर्यंत घराघरांत राहिली. त्यानंतर ‘आई आणि बाबा रिटायर होत आहेत!’मध्ये निवेदिता सराफ आणि मंगेश कदम, तर ‘लक्ष्मी निवास’मध्ये हर्षदा खानविलकर आणि तुषार दळवी अशा प्रौढ जोड्यांभोवती कथा उभ्या राहिल्या. एकेकाळी देवघरापुढे हात जोडून उभी राहणारी आई आता शीर्षकात आली.

हा बदल किती मोठा आहे, हे कळायला मागचा हिशेब पाहावा लागतो. आपल्याकडे नटीचं पडद्यावरचं वय तिच्या खऱ्या वयाच्या कितीतरी पुढे धावत असे. ‘मैंने प्यार किया’ १९८९ च्या अखेरीस आला, तेव्हा सलमान खानची आई झालेल्या रीमा लागू ३१ वर्षांच्या होत्या. मायलेकांच्या वयातलं खरं अंतर सात-आठ वर्षांचं. पुढे ‘तू तू मैं मैं’मध्ये त्या सुप्रिया पिळगावकरांच्या सासू झाल्या आणि तिथेही सासू-सुनेत नऊच वर्षांचा फरक होता. रोहिणी हट्टंगडी यांनी ‘गांधी’तल्या कस्तुरबा तिशीत पदार्पण करतानाच साकारल्या आणि ‘सारांश’मधली वृद्ध आई केली ती ३३ व्या वर्षी. ‘वक्त’मध्ये शेफाली शाह यांना अक्षयकुमारची आई व्हावं लागलं. त्या त्याच्यापेक्षा वयाने लहान आहेत.

या सगळ्यांनी ती कामं उत्तम केली, त्याबद्दल दुमत नाही. पण तिशीतल्या नटीने साठीची बाई केली, की खऱ्या साठीतल्या नटीचं काम गेलं. आणि तिशीतल्या नटीचीही नायिका म्हणून कारकीर्द तिथेच आटोपली. दोघींचंही नुकसान. पुरुषांना हा नियम लागू नव्हता आणि अजूनही फारसा नाही. २०१८ मध्ये आलेल्या ‘तुला पाहते रे’मध्ये नायक चाळिशी ओलांडलेला आणि नायिका विशीतली होती. सुबोध भावे यांच्या त्या मालिकेवर प्रेक्षकांनी भरभरून प्रेम केलं. वयं उलटी केली असती, तर तीच गोष्ट ‘प्रेमकथा’ म्हणून खपली असती का? चाळिशीच्या नायकाला प्रेयसी मिळते आणि चाळिशीच्या नायिकेला लग्नाला आलेली मुलं मिळतात, असा हा साधा हिशेब आहे.

मग २०१९ नंतर वारं फिरलं कसं? वाहिन्यांना अचानक स्त्रियांचा कळवळा आला, असं समजण्याचं कारण नाही. ‘आई कुठे काय करते!’ची मूळ गोष्ट बंगाली. ‘श्रीमोयी’ ही मालिका २०१९ मध्ये स्टार जलसावर आली. पंचवीस वर्षं संसार केलेली बाई, तिला गृहीत धरणारी मुलं आणि दुसरीत गुंतलेला नवरा. हीच गोष्ट मराठीबरोबर तेलुगू, तमिळ, कन्नड आणि मल्याळममध्ये झाली आणि २०२० मध्ये हिंदीत ‘अनुपमा’ म्हणून आली. ‘साराभाई’मधली अल्लड मोनिषा झालेल्या रूपाली गांगुली तोवर ४३ वर्षांच्या झाल्या होत्या. एकच गोष्ट इतक्या भाषांत चालते, याचा अर्थ ती पाहणारी बाई सगळीकडे आहे आणि ती मोठ्या संख्येने टीव्हीसमोर बसते. तरुण मंडळी मोबाईलकडे वळली. टीव्हीला धरून राहिली ती त्यांची आई, आणि मालिकेलाही तिचीच गोष्ट सांगावी लागली. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ जुलै २०२५ मध्ये परत आली, तेव्हा तुळशीच्या भूमिकेसाठी ४९ वर्षांच्या स्मृती इराणीच लागल्या, हेही त्याच कारणाने.

यात नट्यांचाही फायदा झाला आणि तो लहान नाही. रोजची मालिका म्हणजे दिवसाचे बारा-बारा तास, आयत्या वेळी हातात येणारे संवाद आणि महिनोन्‌महिने न चुकता हजेरी. नाटकात तयार झालेल्या, पाठांतर आणि उच्चार पक्के असलेल्या अनुभवी नट्यांची इथे गरज असतेच. ‘ठरलं तर मग’मधली पूर्णा आजी ज्योती चांदेकर अखेरपर्यंत करत होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये त्या गेल्या आणि पुढे ती भूमिका वयाच्या पंचाहत्तरीकडे झुकलेल्या रोहिणी हट्टंगडी यांनी हाती घेतली. एका आजीच्या जागी दुसरी आजी आणावीशी वाटावी, इतकं त्या पात्राचं वजन होतं.

पण भूमिका मोठी असणं वेगळं आणि दमदार असणं वेगळं. पडद्यावर जास्त वेळ दिसली, शीर्षकात तिचं नाव आलं, तिने चार खणखणीत संवाद म्हटले, एवढ्याने भूमिका दमदार होत नाही. कथेतला महत्त्वाचा निर्णय तिचा आहे का, आणि तो निर्णय घेतल्यावर कथा तिच्याबरोबर पुढे जाते की तिला घरात परत आणून सोडते, हे पाहायला हवं.

या कसोटीवर आपल्या आवडत्या मालिका तपासल्या, तर चित्र संमिश्र दिसतं. आसावरी नातेवाइकांच्या आणि सासऱ्यांच्या धाकातून बाहेर पडून अभिजित राजेंशी लग्न करते. विधवा विवाहाचा कायदा १८५६ चा आणि धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला १८९३ मध्ये. तरी २०१९ मध्ये मराठी मालिकेला त्यावर कथा रचावीशी वाटली आणि घराघरांत त्यावर चर्चा झाली. कायदा झाला म्हणून घरातल्या माणसांची मनं बदलतातच असं नाही, हे त्यातून दिसलं. शिवाय त्या लग्नासाठी सून पुढाकार घेते, हे त्या मालिकेचं मोठं बळ होतं. सासू-सुनेच्या भांडणावर पोसलेल्या मालिकांच्या जगात ही गोष्ट नवी होती.

अरुंधतीने घटस्फोट घेतला, गाणं पुन्हा हाती घेतलं, स्वतःच्या पायावर उभी राहिली आणि दुसरं लग्नही केलं. चांगलं झालं. पण पुढे कथेने तिचा दुसरा नवराही हिरावून घेतला आणि गाडी पुन्हा देशमुखांच्या घरातल्या कटकटींकडे वळली. मुलांची भांडणं मिटवायला आईच हवी. तिचं गाणं मात्र मागे राहिलं. ‘माझ्या नवऱ्याची बायको’तल्या राधिकेने मसाल्यांचा मोठा व्यवसाय उभारला. अनिता दाते यांची ही राधिका नागपूरकडची बोली बोलायची, म्हणून आपल्या भागात ती विशेष जवळची वाटली. शेवटी नागपूर ही १९५६ पर्यंत आपल्याही प्रांताची राजधानी होती आणि त्या बोलीचे सूर आपल्या घरांत आजही आहेत. पण राधिकेच्या यशाचं मोलही पुष्कळदा नवऱ्याला अद्दल घडवण्यातच मोजलं गेलं.

दुसरी वाट आहे ती करारी किंवा खलनायकी बाईची. ‘चार दिवस सासूचे’मध्ये रोहिणी हट्टंगडींच्या सासूपुढे कविता लाड यांची अनुराधा ही सून होती. २००१ पासून ती मालिका एक तपाच्या आसपास चालली. तीच अनुराधा २०२३ मध्ये ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’मध्ये भुवनेश्वरी झाली, सगळ्यांना धाकात ठेवणारी. ‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’मध्ये ऐश्वर्या नारकर यांची रूपाली अशीच भाव खाऊन गेली. नट्यांना अशा भूमिकांत अभिनयाला वाव मिळतो, प्रेक्षकालाही मजा येते. पण सत्ता हाती असलेली प्रौढ बाई आली की ती वाईटच दाखवायची, ही सवय मात्र खटकते. चांगली असेल तर तिने सोसायचं आणि ठाम असेल तर ती दुष्ट ठरायची. या दोहोंच्या मधली बाई कुठे आहे?

ती नाहीच असं नाही. सोनी मराठीवरच्या ‘अजूनही बरसात आहे’मध्ये २०२१ साली मुक्ता बर्वे यांनी डॉक्टर मीरा केली, तेव्हा त्या ४२ वर्षांच्या होत्या. नोकरी करणारी, हट्टी, चुकणारी, पुन्हा प्रेमात पडणारी बाई. ती कोणाची आई नव्हती आणि तरीही मालिका तिचीच होती. वेबमालिकांत तर हे दार अधिक उघडलं आहे. शेफाली शाह यांची ‘दिल्ली क्राइम’मधली पोलीस अधिकारी जगभर पाहिली गेली आणि त्या मालिकेला २०२० चा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. नीना गुप्ता यांनी २०१७ मध्ये ‘मी मुंबईत राहते, मला चांगलं काम हवं आहे’ अशा आशयाचं उघड आवाहन समाजमाध्यमावर केलं होतं. तीन वर्षांत त्या ‘पंचायत’मधल्या मंजूदेवी झाल्या.

‘पंचायत’ची गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. कथा उत्तर प्रदेशातली असली, तरी चित्रीकरण झालं ते आपल्याच राज्यात, सिहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात. निवडून आली बायको आणि कारभार पाहतो नवरा, हे चित्र आपल्याकडे कोणाला सांगायला नको. मध्य प्रदेशात पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. मंजूदेवी आधी घरात भाजी निवडत बसते, मग झेंडावंदनासाठी राष्ट्रगीत पाठ करते आणि हळूहळू आपल्या पदावर येऊन बसते. ही खरी दमदार भूमिका, कारण तिच्यातला बदल घरात सुरू होतो आणि गावात पोचतो.

मराठी मालिकेत ही बाई दिसत नाही. धानाची रोवणी सांभाळून बचतगटाचा हिशेब ठेवणारी, अंगणवाडी चालवणारी, आशा ताई म्हणून रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी, ग्रामसभेत उभी राहून बोलणारी पन्नाशीची बाई आपल्या तालुक्यात गावोगाव आहे. मालिकेतली तिच्या वयाची बाई मात्र भरजरी साडी नेसून दिवाणखान्यात मुलांच्या भांडणाचा निवाडा करत असते.

यावर कोणी म्हणेल, दिवसभर राबून आलेल्या बाईला संध्याकाळी पुन्हा आपलंच आयुष्य कशाला पाहायचं? म्हणणं खोटं नाही. करमणूक ही गरजच आहे आणि दागिने-साड्या पाहण्यात पाप नाही. पण अरुंधती आणि राधिका लोकप्रिय झाल्या त्या साड्यांमुळे नव्हेत. त्यांनी घराबाहेर पहिलं पाऊल टाकलं, तेव्हा पाहणाऱ्या बाईला आपण पुढे गेल्यासारखं वाटलं. म्हणजे मागणी आहे. कमी पडते ती दुसरं आणि तिसरं पाऊल लिहिण्याची हिंमत.

आपली अडचण आणखी एक आहे. दर गुरुवारी येणाऱ्या ‘बार्क’च्या आकड्यांवर मालिकांचं नशीब ठरतं. त्यांत मराठी वाहिन्यांचा बाजार मोजतात तो महाराष्ट्र आणि गोव्याचा. बालाघाट जिल्ह्यातलं मराठी घर रोज मालिका पाहत असलं, तरी त्या मापात बसत नाही. ॲपवर पाहिलेल्या भागाची नोंद मात्र थेट वाहिनीकडे होते, आणि तिथल्या प्रतिक्रियाही वाचल्या जातात. एखादी भूमिका आवडली तर तसं लिहावं, नायिका पुन्हा रडायला बसली तर तेही लिहावं, आणि आपण कुठून पाहतो हे आवर्जून कळवावं.

मंडळाच्या कार्यक्रमांतही हे करता येण्याजोगं आहे. आपल्या नाटुकल्यांत आणि एकपात्रींत चाळिशीपुढच्या बायकांच्या वाट्याला बहुधा सासू किंवा विनोदी शेजारीण येते. यंदा एखादी संहिता अशी निवडावी, जिच्यात पन्नाशीची बाई निर्णय घेते आणि गोष्ट तिच्याबरोबर पुढे जाते. भूमिका करणाऱ्या आपल्यात आहेतच. पुढच्या पिढीला मराठी ऐकवण्याचं काम याच बायका करत आल्या आहेत. मग त्या मराठीत त्यांनी फक्त सोसायचंच का बोलावं?