ओळखीचा माणूस, अनोळखी कागद

रायपूरच्या ज्या वस्तीला मराठी माणूस ‘बुढापारा’ असे लिहितो, तिच्या नावातील ‘ढ’खाली हिंदीत नुक्ता येतो. रोमन लिपीत त्या एका अक्षरासाठी कोणी ‘डीएच’ योजतो, तर कोणी ‘आरएच’. वस्तीलगतचा बूढा तालाब आज कागदोपत्री विवेकानंद सरोवर आहे. आणि ज्यांचे नाव त्याला लाभले ते १८७७ च्या सुमारास बालवयात रायपुरात राहिले, तेव्हा नरेंद्रनाथ दत्त होते. एवढ्या नामभेदांनंतरही पोस्टमनची वाट चुकत नाही. जागेच्या नावाबाबत समाज दाखवतो ती सहजता माणसाच्या नावाबाबत मात्र कार्यालयाच्या खिडकीपाशी येताच संपते.

छत्तीसगडमधील मराठी कुटुंबांचा संबंध नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपर्यंत मागे जातो. नोव्हेंबर १९५६ पर्यंत रायपूरच्या राज्याची राजधानी नागपूर होती, पुढे ती भोपाळ झाली, आणि १ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर स्वतःच नव्या राज्याची राजधानी बनले. एकाच घरात आयुष्य काढलेल्या वृद्धाच्या पेटीत त्यामुळे तीन राजवटींचे शिक्के सापडू शकतात. लिपीची अडचण निराळीच. शाळेच्या मराठी दाखल्यावर आडनाव ‘काळे’ असेल, तर हिंदी शिधापत्रिकेवर ते ‘काले’ होते, कारण हिंदीच्या नित्य लेखनात ‘ळ’ नाही. ‘ज्ञानेश्वर’ या नावाचे तर विचारूच नये. मराठी रीतीने त्याचे रोमन स्पेलिंग ‘डीएन’ने सुरू होते, हिंदी रीतीने ‘जीवाय’ने, संगणकाच्या लेखी ही दोन माणसे. त्यात मधोमध वडिलांचे नाव लिहिण्याची मराठी पद्धत. एका कागदावर ते पूर्ण असते, दुसऱ्यावर आद्याक्षरापुरते, तिसऱ्यावर मुळीच नसते.

स्त्रियांची अडचण याहून खोल आहे. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले नवे नाव सासरी सर्वांना मान्य होते, पण त्या ताटाची साक्षांकित प्रत कोठेही मिळत नाही. जुन्या पिढीतील कितीतरी विवाहांची नोंदणीच झालेली नाही. विवाहनोंदणी सक्तीची करावी, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना दिला तोच मुळी फेब्रुवारी २००६ मध्ये. माहेर नागपूरचे आणि सासर बुढापाऱ्यातले, अशी एखादी वृद्धा पतीच्या निधनानंतर ठेवीची पावती घेऊन शाखेत येते, तेव्हा दाखल्यातील मुलगी, नामनिर्देशनातील पत्नी आणि आधारपत्रावरील विधवा या तिघी एकच असल्याचे तिला सिद्ध करावे लागते. साक्ष देऊ शकणारा एकमेव माणूस तर नुकताच गेलेला असतो.

येथे बँकेला दोष देऊन मोकळे होणे न्याय्य ठरणार नाही. ‘आपला ग्राहक ओळखा’ ही रिझर्व्ह बँकेची मार्गदर्शक तत्त्वे २००२ मध्ये आली, आणि काळ्या पैशाची धुलाई रोखणारा कायदा जुलै २००५ पासून अमलात आला. खोट्या नावाच्या खात्यांतून फसवणुकीचा पैसा कसा वाहतो, हे शाखेतील प्रत्येक जण जाणतो. सही करणारा अधिकारी उत्तरदायी असतो, म्हणून तो आणखी एक कागद मागतो. पण अशा कागदाने सुरक्षितता खरोखर वाढते का? लबाडाचे कागद बहुधा अक्षरशः जुळतात, कारण ते एकाच बैठकीत तयार झालेले असतात. साठ वर्षांच्या प्रामाणिक आयुष्याचे कागद तसे जुळत नाहीत.

एकच ओळखपत्र असले म्हणजे हा गुंता सुटेल, ही आशा जुनी आहे. १९९३ मध्ये मतदारांच्या छायाचित्रयुक्त ओळखपत्रांचा आदेश निघाला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. सोय मोठी झाली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल; ज्यांच्याजवळ एकही कागद नव्हता त्यांच्या हाती काहीतरी आले. तथापि आधारवरील नाव बहुतांशी जुन्याच कागदांवरून उतरले, आणि त्यांच्या चुकाही सोबत आल्या. १ जुलै २०२३ पासून आधारशी न जोडलेले पॅन निष्क्रिय होऊ लागले, तेव्हा स्पेलिंगमधील एका अक्षराची किंमत अनेकांना कळली. शेतात वा बांधकामावर राबलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत, ही तक्रार तर सर्वांच्या परिचयाची. बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनाबाह्य ठरवली. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने, पापण्या मिटून दाखवणे ज्यांना शक्य नाही अशा ॲसिडहल्लापीडितांना व दृष्टिहीनांना डिजिटल ओळखपडताळणीत पर्यायी मार्ग देण्यास सांगितले. ब्रिटनने तर युद्धकाळात दिलेली ओळखपत्रे १९५२ मध्ये रद्द केली आणि २००६ च्या कायद्याने आणलेली पुन्हा २०१० नंतर मोडीत काढली. तेथे वाद नागरिक विरुद्ध शासन असा होता. आपल्याकडे तो बहुधा नागरिक विरुद्ध अनुस्वार असा असतो.

आश्चर्य हे की नियम खिडकीवरील व्यवहाराइतके कठोर नाहीत. ओळखीसाठी पारपत्र, वाहनपरवाना, मतदार ओळखपत्र, रोजगार हमीचे जॉबकार्ड, यांपैकी कोणतेही चालते; आधारच हवे असे नाही. विवाहानंतर नाव बदलले असेल, तर जुन्या नावाच्या दस्तऐवजासोबत विवाहाचे शासकीय प्रमाणपत्र वा राजपत्रातील प्रसिद्धी पुरते. ज्याच्याकडे असा एकही दस्तऐवज नाही, त्याच्यासाठी मर्यादित उलाढालीचे ‘लहान खाते’ आहे. तपशिलात बदल झाला नसेल, तर ठरावीक मुदतीने होणाऱ्या पडताळणीसाठी ग्राहकाचे स्वयंघोषणापत्र पुरेसे मानावे, असेही रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे.

या सवलती परिपत्रकातून खिडकीपर्यंत पोहोचत नाहीत, हे दुखणे आहे. खाते उघडण्याच्या अर्जात ‘पूर्वीचे नाव’ आणि ‘अन्य लिपीतील नाव’ असे दोन रकाने ठळकपणे छापले आणि ग्राहकाने ते वेळीच भरले, तर ‘काळे’ आणि ‘काले’ यांचे नाते पहिल्याच दिवशी नोंदले जाईल. पत्नीचे नाव नामनिर्देशनात घालताना तिच्या ओळखपत्रावरील स्पेलिंग पाहूनच घालावे. हे पाच मिनिटांचे काम पती हयात असताना होते. आणि ग्राहकाला परत पाठवणे अटळच असेल, तर कोणता कागद कोणत्या नियमाने अपुरा पडला, हे अधिकाऱ्याने चार ओळींत लिहून सहीनिशी त्याच्या हाती द्यावे.