पाखरास पाटबंधारे खात्याची सनद कशाला?

पक्षी पाहावयाचे तर गोव्यास जावे, असा समज आमच्या बिदर-कलबुर्गीकडील सुशिक्षितांत रूढ आहे. आम्हीही गेलो. रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली. चोडण बेटावरील डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्यात तिवरांच्या सावलीतून हिंडलो. ओहोटीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या आणि खंड्याची निळी झेप पाहून तृप्त झालो. जागा अवघी १७८ हेक्टर. पण १९८८ पासून गोमंतकाने ती अभयारण्य म्हणून राखली आहे. आमच्या कोंकणी बांधवांचे यासाठी कौतुक करावे तितके थोडेच. आमची तक्रार त्यांच्याशी नाही, ती आमच्याशीच आहे.

ज्यांचे नाव त्या अभयारण्यास दिले आहे, त्या सालिम अलींनी १९३१-३२ साली हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली होती. बिदर व गुलबर्गा हे जिल्हे त्याच संस्थानातले. १९५६ साली त्या राज्याचे तीन वाटे झाले, आणि हे जिल्हे म्हैसुरात गेले. तेव्हापासून सीमेवर भाषणे उदंड झाली; परंतु भालकी तालुक्यातील कारंजा जलाशयावर हिवाळ्यात कोणती पाखरे उतरतात, हे सांगू शकणारा वक्ता त्या व्यासपीठांवर आम्हांस क्वचितच भेटला. ज्या भूमीवर हक्क सांगावयाचा, तिच्या पाखरांची नावेही ठाऊक नसावीत, हे कसले भूमिप्रेम?

आमच्या या अनास्थेस कायद्याचीही साथ आहे. २०१७ च्या पाणथळ जागांविषयीच्या नियमांनी सिंचनासाठी वा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय ‘पाणथळ’ या व्याख्येतूनच वगळले. समुद्र आमच्यापासून शेकडो मैल दूर. आमच्या कोरड्या पठारावरचे मोठे पाणी म्हणजे माणसाने अडविलेलेच पाणी. तेव्हा या व्याख्येने आमचे बहुतेक पाणी कागदावरून पुसून टाकले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पण पाखरू धरण कोणी व कशासाठी बांधले, हे विचारून उतरत नाही. गदग जिल्ह्यातील मागडीचे तळे सिंचनासाठीच बांधलेले. तेथे हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, आणि २०२४ साली त्यास रामसर स्थळांच्या यादीत स्थान मिळाले. रंगनतिट्टूची बेटे कावेरीवरील बंधाऱ्याने घडली. नाशिककडील नांदूर मधमेश्वर हे गोदावरीवरील बंधाऱ्याचे अपत्य. या दोहोंचाही मान जगाने केला. मग कारंजानेच काय पाप केले?

कोणी म्हणतील, राखीव म्हटले की शेतकऱ्याचे पाणी तुटेल. ही भीती आम्ही क्षुल्लक मानीत नाही. दुष्काळ आम्हीही पाहिला आहे. परंतु पाखरांस शेतकऱ्याचे पाणी नको असते. हिवाळ्यापासून पाणी ओसरू लागले की जी उथळ, चिखलाची कड उघडी पडते, तीच त्यांची पंगत. ती कड खणू नये, तेथे विष टाकून मासे मारू नयेत, बंदुकीचा बार काढू नये, एवढीच मागणी. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ‘संवर्धन राखीव’ ही तरतूद झाली, तीत स्थानिक लोकांस व्यवस्थापनात स्थान आहे. कलबुर्गीतील चिंचोळीच्या रानास २०११ साली अभयारण्याचा मान मिळाला, हे उत्तमच झाले. आता पाण्याची पाळी आहे.

मात्र ‘विकास’ म्हणून तेथे रंगीत दिवे, यांत्रिक नौका आणि सिमेंटचे बगळे कृपा करून आणू नका. खरा बगळा असताना सिमेंटचा कशाला?

आणि हे सर्व सरकारवर सोडून आम्ही मोकळे होऊ पाहत नाही. मराठी शाळेतील मुलांनी व कन्नड शाळेतील मुलांनी मिळून प्रत्येक हिवाळ्यात एक दिवस जलाशयाची पाखरे मोजावी, दोन्ही भाषांत त्यांची नावे लिहावी. टिटवी ओरडते, ती कोणत्या भाषेत, हा वाद आजवर कोणी घातलेला नाही. तिच्यापासूनच आरंभ करू या.