आमच्या कानातलं शिसं

गेल्या भीमजयंतीला वस्तीतल्या मंडळाने माझा सत्कार केला. कशाबद्दल, ते मला अजून कळलेलं नाही. मी बी.ए. झालो, बँकेत कारकुनी करतो आणि मला दिसत नाही. एवढ्या भांडवलावर शाल मिळाली, गुलाबाचं फूल मिळालं. निवेदक माइकवर ओरडला, 'यांच्याकडे बघा आणि प्रेरणा घ्या!' टाळ्या पडल्या. शालीबरोबर एक पेनड्राइव्ह दिला. त्यात चाळीस प्रेरणादायी ऑडिओबुकं. पोरांनी हौसेने जमवलेली. पोरांवर माझा राग नाही, ती माझी भावंडं आहेत. पण चार महिने लोकलच्या गर्दीत कानात इअरफोन खुपसून मी ती चाळीसच्या चाळीस ऐकली. आता काय वाटलं ते तोंडावर सांगितलं नाही, तर मी त्यांचा दोस्त कसला? म्हणून या अंकाचं संपादकीय त्या पेनड्राइव्हवर.

चाळिसातली तीसेक पुस्तकं म्हणजे एकच पुस्तक. नावं निरनिराळी, आवाज तोच, तुपात घोळलेला. सांगणंही तेच. गरिबी खिशात नसते, मनात असते. तक्रार करणारा हरतो. विश्वाकडे मागा, विश्व देतं. पहाटे उठा म्हणजे श्रीमंत व्हाल. च्यायला, माझी आई तीस वर्षं पहाटे चारला उठून या शहराचे रस्ते झाडत होती. पहाटे उठून कुणी श्रीमंत झालं असतं तर गोवंडीच्या आमच्या गल्लीत आज मोटारी लावायला जागा उरली नसती.

मी सात वर्षांचा असताना मला गोवर आला. पोटात धड अन्न नव्हतं, अंगात अ जीवनसत्त्व नव्हतं. बुबुळं पांढरी पडली आणि डोळे गेले. डॉक्टरने सांगितलेलं कारण हे. गल्लीतल्या म्हातारीने दुसरं सांगितलं, मागच्या जन्मीचं पाप. पुढे आंधळ्यांच्या शाळेत खुर्च्या विणायला शिकवणारे एक गुरुजीही हेच म्हणायचे. बापजाद्यांना गावकुसाबाहेर का ठेवलं? मागच्या जन्मीचं पाप. पोराचे डोळे का गेले? मागच्या जन्मीचं पाप. आता ऑडिओबुक म्हणतं, मागचा जन्म सोडा, तुमच्या विचारांचंच पाप. भट बदलला, पोथी तीच. कुपोषण कुणी केलं, रेशन कुणी खाल्लं, लस वस्तीपर्यंत का आली नाही, हे एकाही पोथीत नाही.

पण सगळंच भंकस होतं असं म्हणणार नाही. दोन पुस्तकांनी मला झोपू दिलं नाही.

पहिलं हेलन केलरचं आत्मचरित्र. पंपाखाली हात धरलेली, न बघणारी, न ऐकणारी पोर, तिच्या तळव्यावर बाई 'पाणी' हा शब्द लिहितात, ती गोष्ट. मी दादर स्टेशनवर उभ्याउभ्या रडलो. खोटं कशाला बोलू? पण पुस्तक संपलं आणि मी बोटांवर हिशोब केला. हे पुस्तक १९०३ चं. तेव्हा ही बाई कॉलेजात शिकत होती. वारली १९६८ साली. मधली पासष्ट वर्षं कुठे गेली? शोधत गेलो तेव्हा कळलं. १९०९ साली ती अमेरिकेच्या समाजवादी पक्षाची सभासद झाली. आंधळेपणाची कारणं शोधता शोधता तिला कारखाने सापडले, मालकांची हाव सापडली, गरिबी सापडली. गुलामी टिकवणाऱ्या फौजेतल्या कप्तानाची ही मुलगी. तिने काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेला जाहीर पाठिंबा दिला. तिचे समाजवादावरचे लेख जर्मनीत नाझींनी १९३३ साली होळीत टाकले. तिचं सगळंच मला पटत नाही. १९१५ साली एका अपंग बाळाला मरू देण्याची बाजू तिने घेतली होती, ते वाचून मी हादरलो. म्हणजे ती देवी नव्हती, माणूस होती. भांडणारी, चुकणारी. पण प्रेरणेच्या दुकानात ही बाई विकत नाहीत. तिथे पंपाखालची गोड पोर विकतात. बाबासाहेबांना निळ्या कोटात पुतळा करून ठेवतात आणि बावीस प्रतिज्ञा कपाटात घालतात, त्यातलाच हा प्रकार.

केलरबाईने शोधलेली कारणं आपल्या दारात आहेत. २०११ च्या जनगणनेत देशातले २.२१ टक्के लोक अपंग नोंदले आहेत. अनुसूचित जातींत तेच २.४५ टक्के. आकडा फार मोठा दिसत नाही, पण त्यात लाखो माणसं बसतात. त्यातली कितीतरी गटारात, बांधकामावर आणि उपाशी पाळण्यात अपंग झालेली आहेत.

दुसरं पुस्तक लुई ब्रेलचं. बाप फ्रान्समधल्या कूव्रे गावात घोड्यांची खोगिरं आणि चामड्याचा साज शिवायचा. पोरगं तीन वर्षांचं असताना बापाच्या आरीशी खेळत होतं. आरी डोळ्यात गेली, जखम चिघळली, मग दुसराही डोळा गेला. हे ऐकलं आणि मी ऑडिओ थांबवला. आमच्या वस्तीच्या तोंडाशी चप्पल शिवायला बसणाऱ्या काकांची आरी मी लहानपणी हातात घेऊन पाहिली आहे. गुळगुळीत मूठ आणि पुढे सुईसारखं टोक. काका ओरडायचे, 'ठेव ती, हातात जाईल!' ब्रेल मला एकदम गल्लीतला पोरगा वाटला. त्याच पोराने पंधराव्या वर्षी, १८२४ साली, सहा टिंबांची लिपी उभी केली. लिहायची कशाने? तसल्याच टोकदार टोच्याने, कागदावर टिंबं उठवून. ऑडिओबुक इथे म्हणतं की देवाने एक दार लावलं आणि दुसरं उघडलं. कुठल्या देवाने? शाळेनेच त्या लिपीला दार लावलं होतं. फ्रान्सने ती अधिकृत मानली १८५४ साली, तेव्हा ब्रेलला मरून दोन वर्षं झाली होती. आंधळ्यांनी आपसात लिहावं, आपसात वाचावं आणि डोळस मास्तरला त्यातलं काही कळू नये, हे कुणाला रुचतं? आपल्या पोरांनी पाटी हातात घेतली तेव्हाही गावाला रुचलं नव्हतं.

आता माझ्या कानाकडे येतो.

गौतमधर्मसूत्रात लिहिलंय, शूद्राने वेद मुद्दाम ऐकला तर त्याच्या कानात शिसं आणि लाख वितळवून ओतावी. हे सूत्र आपल्या सभांतून शंभरदा ऐकलेलं. इतरांसाठी तो इतिहास असेल. माझं तसं नाही. माझे डोळेच कान आहेत. पुस्तकाला माझ्यात शिरायला तेवढा एकच रस्ता आहे, आणि नेमका तोच बुजवायचा हुकूम कुणीतरी लिहून ठेवला होता. ते शिसं अजून ओतलं जातं, फक्त आता ते गरम लागत नाही.

कॉलेजात असताना माझ्यासाठी पुस्तकं वाचायला एक ताई यायच्या. समाजसेवा म्हणून, फुकट. फार स्पष्ट वाचायच्या. इतिहास वाचला, अर्थशास्त्र वाचलं. एके दिवशी मी 'बलुतं' पुढे केलं. दोन पानं वाचली आणि आवाज खाली गेला. शिवी आली की खोकायच्या. जातीचं नाव आलं की पुढच्या ओळीवर उडी मारायच्या. उडी मारल्याचं आंधळ्याला कळतं, दोस्तहो, वाक्य लंगडं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं, 'तू यांच्यातलाच का रे?' मी हो म्हणालो. पुढच्या आठवड्यापासून त्या आल्या नाहीत. परीक्षा तोंडावर होती. त्या दिवशी मला कळलं की माझं वाचन दुसऱ्याच्या घशात राहतं. घसा ज्याचा, पुस्तक त्याचं.

म्हणून मी यंत्राकडे गेलो. एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर आहे, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं. ऑस्ट्रेलियातल्या दोन आंधळ्या पोरांनी २००६ साली ते सुरू केलं आणि जगाला फुकट दिलं. आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. पण तो खोकत नाही आणि मला जात विचारत नाही. त्या आवाजात मी बाबासाहेबांचं 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' ऐकलं. पेनड्राइव्हमध्ये ते नव्हतं बरं का. चाळिसात नव्हतं.

त्या पुस्तकाची हकिगत तुम्हाला ठाऊक आहे. ते मुळात भाषण. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण वाचून घाबरले, अमुक काढा तमुक काढा म्हणाले. बाबासाहेबांनी कळवलं की एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषदच रद्द झाली. मग त्यांनी पदरच्या पैशाने १५०० प्रती छापल्या आणि त्या दोन महिन्यांत संपल्या. म्हणजे कानांसाठी लिहिलेलं ते भाषण त्या सभेतल्या एकाही कानात कधी पडलं नाही.

माझं यंत्र विरामचिन्हंही वाचतं. हवं तर बंद करता येतं. मी मुद्दाम चालू ठेवलं. रात्री अकरानंतर, सगळे झोपल्यावर, खोलीत तो पत्र्याचा आवाज वाचत होता आणि मध्येमध्ये म्हणत होता, कॉमा. कॉमा. कॉमा. लाहोरवाल्यांना जे काढायचं होतं ते सगळं जागच्या जागी होतं. मी मोजत होतो. मला वाटलं, त्या रिकाम्या मांडवात मी एकटा बसलोय आणि भाषण आत्ता सुरू झालंय. प्रेरणा म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. अंगात बळ आलं आणि त्याबरोबर राग आला. नुसतं बळ देऊन राग काढून घेणारं पुस्तक मला नको.

आता आपल्या घरातली घाण. आपण 'हरिजन' हा शब्द तोंडावर फेकून मारला, कारण गोड नाव देऊन हक्क बुडवायची ती चाल होती. मग २०१५ पासून दिल्लीने आम्हाला 'दिव्यांग' केलं तेव्हा आपली व्यासपीठं गप्प का? माझ्या अंगात दिव्य काही नाही. मला रॅम्प, पुस्तक आणि २०१६ च्या कायद्यातलं चार टक्के आरक्षण पाहिजे. आपले वक्ते सरकारला आंधळं म्हणतात, भक्तांना आंधळे म्हणतात. मी पहिल्या रांगेत बसलेला असतो. माझ्यासारख्याने कुणाचं घर जाळलंय?

आणि सगळ्यात मोठी लाज माझीच. या मासिकाचा मी संपादक. मागचे सगळे अंक आपण इंटरनेटवर चढवले ते पानांचे फोटो काढून. यंत्राला फोटो वाचता येत नाही. फोटोतली अक्षरं ओळखणारी यंत्रं आहेत, पण आपल्या फिकट छपाईची ती पार खिचडी करतात. म्हणजे माझं स्वतःचं मासिक मला वाचता येत नाही. वर्षभर मी हे कुणाला बोललो नाही. शाल अंगावर घेऊन बसलो.

आपली परंपरा तशी नाही. आजोबा सांगायचे, चाळीत एकाला वाचता यायचं आणि कंदिलाभोवती वीस जण ऐकायचे. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला तेव्हा आपल्यातले बहुतेक निरक्षर होते. पेपर डोळ्यांपेक्षा कानांनीच पसरला. जलसे कानांनी पसरले. वामनदादांना तरुणपणापर्यंत अक्षर येत नव्हतं आणि पुढे त्यांची गाणी घराघरात पोचली. ऐकून शहाणी झालेली जमात आहे ही.

म्हणून सांगतो, शाली नकोत. तुमच्या प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि नरड्यात आवाज आहे. कायदाही आडवा येत नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. ज्यांना छापील पान वाचता येत नाही त्यांच्यासाठी, नफा न कमावता, पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करता येतं. मराकेशचा आंतरराष्ट्रीय करारही याचसाठी २०१३ साली झाला, आणि २०१४ साली त्याला सगळ्यात आधी मान्यता दिली ती भारताने. कागद तयार आहे. घसे पाहिजेत.

पंखा बंद करा, खिडकीला गोधडी लावा. पान क्रमांक सांगा, तळटीपा वाचा. एकाने वाचावं, दुसऱ्याने पुस्तक धरून तपासावं. नाटकी रडू नका, रडायचं की नाही ते मी ठरवीन. 'जिणं आमुचं' वाचाल तर बेबीताईंची बोली सरळ करू नका. 'उपरा' वाचा, 'आयदान' वाचा, 'फकिरा' वाचा. शिवी आली तर खोकू नका. जात आली तर आवाज खाली आणू नका.

या अंकापासून मासिक फोटोत नाही, अक्षरांत चढेल आणि त्याच दिवशी आवाजातही निघेल. हे संपादकीय मीच वाचलंय. मागून कुकरची शिट्टी ऐकू येईल, ती तशीच ठेवली आहे. मंडळाच्या पोरांनो, पेनड्राइव्ह परत पाठवतोय, पुसून कोरा केलाय. भरून द्या.

जय भीम.