फुलीमागचा माणूस

आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिला मीच. वडील सातवीपर्यंत शिकले आणि आजोबांच्या कागदांवर तर नुसता अंगठा आहे. म्हणूनच इंग्लंडातील जुन्या विवाहनोंदींविषयी वाचताना माझे मन एका फुलीपाशी अडले. तेथे १७५४ पासून वधूवरांनी नोंदीखाली सही करावी असा कायदा लागू झाला. ज्याला लिहिता येत नसे तो फुली काढी.

आपले पूर्वज शोधणारे इंग्रज आजही याच वह्या चाळतात. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक चर्चच्या हद्दीतील बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने लिहून ठेवण्याचा हुकूम काढला. त्यामुळे शेतमजुराचे नावही कागदावर येऊ लागले.

पण नाव आले म्हणजे माणूस सापडला असे नव्हे. पाद्री कानाला ऐकू येईल तसे नाव लिही. निरक्षर बाप ते तपासणार कसे? बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नसे. सतराव्या शतकातील यादवी युद्धात कित्येक वह्या अर्ध्यावर थांबल्या. पोटासाठी गाव सोडलेला मजूर एका वहीतून निघतो, तो दुसरीत सापडतच नाही.

जनगणनेचीही तीच गत. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरील माणसांचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहावे अशी सूचना होती. म्हणजे एकोणचाळीस वर्षांची बाई कागदावर पस्तीसची! जन्मगाव विचारलेच नाही. जन्म याच काउंटीतला का, एवढेच विचारले. गावाचे नाव मिळते ते १८५१ पासून. हे वाचून मला वडिलांची जन्मतारीख आठवली. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती १ जून ठरवली. आमच्या गावात त्या पिढीतले कितीतरी जण १ जूनलाच जन्मले आहेत!

धागा तुटला की काही जण त्याच नावाचा दुसरा कोणी उचलून वंशवृक्षाला जोडतात. तो सरदार निघाला तर आनंदच. मला हे पटत नाही. एकाच गावात चार जॉन स्मिथ असू शकतात. वय, धंदा, बायकोचे नाव, मुलांची नावे जुळल्याखेरीज कोणालाही आपला पणजोबा म्हणू नये. रिकामी जागा रिकामी ठेवणे हासुद्धा पूर्वजांचा मानच आहे. उसना सरदार आणून आपण खऱ्या मजुराला दुसऱ्यांदा पुसून टाकतो.

मित्रहो, हे पूर्वज हरवलेले नाहीत. लेखणी दुसऱ्याच्या हाती होती, म्हणून ते निसटले. आज लेखणी आपल्या हाती आहे. या सुट्टीत घरच्या जुन्या कागदांवरील अंगठा कोणाचा, हे आजीला विचारा आणि ती सांगेल तसेच लिहून ठेवा. तिला आठवत नसेल, तर तेही लिहा. पदरचे मात्र काही घालू नका.