छळाला आपल्या कायद्यात नाव कधी मिळणार?

मा. संपादक यांस,


येत्या २६ जूनला छळपीडितांच्या समर्थनाचा आंतरराष्ट्रीय दिवस आहे. संयुक्त राष्ट्रांचा छळविरोधी करार १९८७ साली याच तारखेला अमलात आला, म्हणून ही तारीख. आपल्या चर्चमध्ये त्या दिवशी काही विशेष होईलसं वाटत नाही. खरं तर छळ करून मारलेल्या माणसाची मूर्ती आपल्या प्रत्येकाच्या घरात भिंतीवर आहे. क्रुसाची वाट चालताना आपले डोळे भरून येतात. पण गल्लीतल्या एखाद्या पोराला पोलीस घेऊन गेले, की आपल्याच तोंडून पहिलं वाक्य निघतं, "काहीतरी केलं असेल, उगाच कोण नेतंय?"

हे वाक्य मी स्वतः बोललेली आहे, म्हणून हे पत्र.

पंधराएक वर्षं झाली. माझ्या एका माजी विद्यार्थ्याची आई संध्याकाळी दारात आली. "टीचर, पोराला नेलंय हो. माझ्याबरोबर ठाण्यात तेवढं चला." तो ज्या दुकानात कामाला होता तिथे चोरी झाली होती. मी म्हटलं, काही केलं नसेल तर सकाळी सोडतील. मी गेले नाही. सकाळी सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी सोडलं. त्याला कोर्टापुढे नेलंच नव्हतं. तळपाय सुजलेले, उजव्या हाताने पेला धरता येत नव्हता. चोरी दुसऱ्याच कुणी केली होती. त्या घराने तक्रार केली नाही, कारण बरोबर यायला कुणी नव्हतं. पोरगा गाव सोडून गेला. त्याची आई आजही मिस्सेला येते, पण माझ्याशी बोलत नाही.

तेव्हा काय करता आलं असतं, हे मी नंतर वाचत गेले. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं केलंच पाहिजे, हे संविधानाच्या कलम २२ मध्ये आहे. कलम २० प्रमाणे कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम तर इंग्रजांच्या काळापासून आहे. १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अकरा नियम घालून दिले. अटकेचा पंचनामा करा, नातेवाइकाला कळवा, अंगावरच्या जखमांची नोंद करा, दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरी तपासणी करा. त्या खटल्याची सुरुवात कशी झाली, बघा. कोठडीतल्या मृत्यूंच्या वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचून बंगालच्या या गृहस्थांनी १९८६ साली सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं. ओडिशातल्या नीलाबती बेहेरा या आईनेही न्यायालयाला पत्रच पाठवलं होतं. तिचा मुलगा कोठडीतून रेल्वे रुळावर मेलेला सापडला होता. १९९३ साली न्यायालयाने तिला दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि सरकारला हात झटकता येणार नाहीत, हे तत्त्व पक्कं केलं. पत्रं वाया जात नाहीत, ती अशी.

मग अडतंय कुठे? आपल्या कायद्यात 'छळ' नावाचा स्वतंत्र गुन्हाच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० मध्ये कबुलीसाठी किंवा माहितीसाठी दुखापत केल्यास सात वर्षं, गंभीर दुखापत असेल तर दहा वर्षं शिक्षा आहे. पण धडा शिकवायला मारलं, जातीवरून मारलं, दोन रात्री झोपू दिलं नाही, बायकोला आणून बसवतो म्हणून धमकावलं, तर? आंतरराष्ट्रीय करारात हे सगळं येतं. शरीराची वेदना येते, तशी मनाचीही येते. शिवाय पीडिताला भरपाई आणि पुन्हा उभं राहण्याची मदत मिळाली पाहिजे, हेही त्यात लिहिलेलं आहे. भारताने त्या करारावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली. मात्र तो बंधनकारक करून घेतला नाही. २०१० साली लोकसभेने एक विधेयक मंजूर केलं. ते कच्चंच होतं. सहा महिन्यांत तक्रार केली पाहिजे आणि खटल्याला सरकारची पूर्वपरवानगी पाहिजे, अशा अटी त्यात होत्या. राज्यसभेच्या समितीने ते सुधारलं, पण २०१४ साली लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही संपलं. २०१७ साली विधी आयोगाने २७३ व्या अहवालात नवा मसुदा दिला. कोठडीत माणसाला जखमा झाल्या, तर त्या पोलिसांनी केल्या असं धरून चालावं आणि नाही म्हणायचं तर त्यांनी सिद्ध करावं, ही त्यातली एक सूचना. हे संसदेने ठरवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. म्हणजे चेंडू संसदेत आहे. सरकारं बदलली तरी तिथेच आहे.

यात सरकारचंही नुकसान होतं. पुरुलियात १९९५ साली विमानातून शस्त्रं टाकल्याच्या प्रकरणात हवा असलेला आरोपी डेन्मार्कने द्यावा म्हणून आपण किती खटपट केली. भारतात त्याचा छळ होण्याचा धोका आहे, असं म्हणून तिथल्या न्यायालयाने २०११ साली नकार दिला.

आणि हे सगळं दूरचं आहे असं बेळगावकरांनी समजू नये. सांगलीच्या अनिकेत कोथळेचा नोव्हेंबर २०१७ मध्ये कोठडीत मृत्यू झाला. तो पळून गेला असं पोलिसांनी सांगितलं आणि मृतदेह जाळला आंबोलीत, आपण पावसाळ्यात धबधबा बघायला जातो त्या आंबोलीत. तामिळनाडूत सातानकुलमला जयराज आणि बेनिक्स हे बापलेक, आपल्याच श्रद्धेचे, मोबाइलचं दुकान चालवायचे. लॉकडाऊनमध्ये दुकान वेळेनंतर उघडं ठेवलं म्हणून १९ जून २०२० ला त्यांना नेलं. २२ आणि २३ जूनला दोघेही गेले. सीबीआयने नऊ पोलिसांवर खुनाचं आरोपपत्र ठेवलं. ठाण्यात कॅमेरे होते, पण चित्रीकरण रोजच्या रोज आपोआप पुसलं जाईल अशी व्यवस्था होती. तरी सत्य बाहेर आलं, कारण त्याच ठाण्यातल्या रेवती नावाच्या हेड कॉन्स्टेबल बाईंनी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जबाब दिला. खाकीतही विवेक असतो, हे आपण विसरू नये. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात आवाजासह कॅमेरे लावायला सांगितले. परभणीचा सोमनाथ सूर्यवंशी कायद्याचा विद्यार्थी होता. डिसेंबर २०२४ मध्ये तो कोठडीत मेला आणि पोलिसांवर नुसता गुन्हा नोंदवायलाही त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावं लागलं.

"मारल्याशिवाय चोर कबूल होतो काय?" असं लोक विचारतात. मारल्यावर चोर कबूल होतो, आणि चोर नसलेलाही होतो. मार थांबावा म्हणून माणूस काहीही सांगेल. शिवाय खरा चोर मोकळा राहतो, जसा त्या दुकानाच्या बाबतीत राहिला होता. पोलिसांना माणसं कमी, ड्यूटी फार, तपासाची साधनं अपुरी, हे मान्य. पण त्यावर उपाय माणसं आणि साधनं देणं हा आहे.

याच जागी आम्ही शिक्षकही होतो. मी वर्गात पट्टी वापरत असे, हे लपवत नाही. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली शारीरिक शिक्षा बंद केली, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये एकच सूर होता, "आता शिस्त कशी राहणार?" शिस्त राहिली. सवय आमचीच मोडायची होती, आणि कायद्यात स्पष्ट लिहिलं म्हणून ती मोडली. नुसत्या उपदेशाने मोडली नसती.

चर्चनेही हे ओझं वाहिलेलं आहे. पोप निकोलस पहिले यांनी ८६६ साली बल्गेरियाच्या राजाला लिहिलं, की मारून घेतलेली कबुली देवाच्या आणि माणसाच्या कायद्यात बसत नाही. तरी १२५२ साली दुसऱ्या पोपने छळाला परवानगी दिली, आणि गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनने काय केलं ते शेजाऱ्यांना आपण सांगायची गरज नाही, त्यांना माहीत आहे. आजची कॅथलिक धर्मशिक्षा छळाला साफ नाकारते आणि जुनी चूकही कबूल करते. म्हणून आपण बोलावं ते वरच्या पायरीवरून नाही, पण बोलावं जरूर.

धर्मग्रामाच्या समितीला माझी विनंती साधी आहे. दोन-तीन माणसं ठरवून ठेवा, एखादा वकील, एखादा डॉक्टर. कुणाला नेलं की घरच्यांबरोबर ठाण्यात जा, वेळ लिहून ठेवा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे, तो नोटीस बोर्डावर लावा. न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं केल्यावर मार बसला असेल तर तिथेच सांगायला शिकवा. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार एका वर्षाच्या आत करावी लागते. सुटून आलेल्याला आधी डॉक्टरकडे न्या, जखमांचे कागद करून घ्या, आणि "काय केलं होतंस?" हे विचारू नका. आणि आपल्या खासदारांना पत्र लिहून विचारा, करारावर सही होऊन इतकी वर्षं झाली, कायदा कधी?

त्या आईने माझ्याकडे पैसे मागितले नव्हते. बरोबर चला, एवढंच म्हणाली होती. या पंचाहत्तरीत आता पायऱ्या चढवत नाहीत, पण पुन्हा कुणी दारात आलं तर रिक्षा करून जाईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, बेळगाव